प्लाक बायोफिल्मचा वर्णपट: नमुन्यापासून आकडेमोडीपर्यंत, नवख्यांसाठी

सकाळी दात घासण्याआधी जिभेचे टोक दातांवरून फिरवले की जो बुळबुळीत थर लागतो, तो प्लाक, म्हणजे दाताला चिकटून वाढणारा जिवाणूंचा थर (बायोफिल्म). त्यात जिवाणू असतात, त्यांनी स्वतःभोवती विणलेले शर्करांचे आणि प्रथिनांचे चिकट जाळे असते, लाळेतून आलेली प्रथिने असतात, थोडे कॅल्शियमचे क्षार असतात आणि भरपूर पाणी असते. कुठलाही रंग न घालता या सगळ्याची रासायनिक ओळख एकाच मोजणीत मिळते, म्हणून दंतवैद्यकाचे आणि सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी एफटीआयआर (नमुना कोणते अवरक्त किरण शोषतो ते मोजणे) आणि रामन (नमुन्यावरून विखुरलेला लेसरचा प्रकाश मोजणे) स्पेक्ट्रोस्कोपीकडे वळतात. यंत्रावरचे काम खरोखरच काही मिनिटांचे असते. पण हाती येणारा आलेख, म्हणजे वर्णपट, कामाचा की टाकाऊ हे आदल्या दोन दिवसांत ठरून गेलेले असते: नमुना कशावर वाढवला, कशाने धुतला, किती वाळवला. म्हणून इथे यंत्रापेक्षा नमुन्यावर जास्त शब्द खर्च केले आहेत.

पुढे बँडचे (आलेखातल्या उंचवट्यांचे) सगळे आकडे तरंगसंख्येत, म्हणजे प्रति सेंटीमीटरमध्ये आहेत. प्रत्येक वेळी एकक लिहिलेले नाही.

१. प्रश्न आधी, यंत्र नंतर

'प्लाकचा एफटीआयआर करायचा आहे' हा प्रश्न होत नाही. 'साखर दिल्यावर जाळ्यातील शर्करांचे प्रथिनांशी असलेले प्रमाण किती बदलते', 'अमुक माउथवॉशनंतर उरलेल्या थराची घडण बदलते का', 'थरात खनिज कधी साठू लागते' हे प्रश्न होतात, आणि त्यांना वर्णपट उत्तर देऊ शकतो.

'या रुग्णाच्या प्लाकमध्ये कोणकोणत्या जाती आहेत' याचे उत्तर मात्र त्यातून मागू नका. शुद्ध वसाहतीतल्या जिवाणूची जात एफटीआयआरने ओळखता येते, पण त्यासाठी माध्यम, वाढीचा काळ आणि संदर्भ-संग्रह तंतोतंत एकच असावे लागतात. तोंडातल्या प्लाकमध्ये स्ट्रेप्टोकॉकस सँग्विनिस, अ‍ॅक्टिनोमायसीस, फ्युजोबॅक्टेरियम यांची सरमिसळ असते आणि त्या सगळ्यांची प्रथिने एकाच जागी बँड देतात. जाती हव्या असतील तर १६एस आरएनए जनुकाचे अनुक्रमण करा आणि वर्णपट त्याच्या जोडीला ठेवा.

दोन पद्धतींतली निवड पाण्यावर ठरते. एफटीआयआरमध्ये पाण्याचा १६४० जवळचा बँड थेट प्रथिनांच्या अमाइड-१ बँडवर बसतो, त्यामुळे नमुना वाळवावा लागतो. रामनमध्ये पाण्याचा त्रास नगण्य असतो. ओला, जिवंत थर पाहायचा असेल किंवा एक मायक्रॉनच्या टापूत काय आहे ते हवे असेल, तर रामन. बरेच नमुने, सरासरी घडण, कमी वेळ असे काम असेल, तर एटीआर जोडणी (नमुना स्फटिकावर टेकवून मोजण्याची सोय) असलेला एफटीआयआर. पहिलाच प्रकल्प असेल तर एटीआरने सुरुवात करा. चुका लवकर कळतात आणि स्वस्तात पडतात.

२. कागदपत्रे आणि यंत्राची वेळ

हे काम सिनॉप्सिस मंजूर झाल्याबरोबर सुरू करा. यंत्राची तारीख मिळाली आणि मंजुरी आली नाही, हा प्रकार सर्रास घडतो. माणसाच्या तोंडातून नमुना घेणार असाल तर एवढे लागेल:

- संस्थात्मक नैतिकता समितीची लेखी मंजुरी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अर्ज भरा. नमुना उणे ८० अंशांवर साठवून पुढेही वापरणार असाल तर तसे अर्जात आत्ताच लिहा. नंतर परवानगी वाढवून घेणे जड जाते.
- माहितीपत्रक आणि संमतीपत्र, सहभागी व्यक्तीला समजेल अशा मराठीत. 'सुप्राजिंजायव्हल प्लाक' असे न लिहिता 'हिरडीच्या वरच्या बाजूला दातावर साचलेला थर' असे लिहा.
- नोंदपत्र: शेवटचे खाणे, शेवटचे ब्रशिंग, टूथपेस्टचे नाव, माउथवॉश, गेल्या तीन महिन्यांतील प्रतिजैविके, तंबाखू, पान आणि मशेरी. मशेरीचा प्रश्न वेगळा विचारा. 'तंबाखू खाता का' याला 'नाही' म्हणणाऱ्या कित्येक बायका रोज मशेरी लावतात, कारण त्यांच्या लेखी ते दात घासणे असते.
- जिवाणूचा प्रकार कुठून आणला त्याची पावती आणि क्रमांक.
- यंत्रकेंद्राचा नमुना-अर्ज, त्यात नमुना संसर्गजन्य आहे की निष्क्रिय केलेला, याचे स्पष्ट निवेदन.

कॉलेजात यंत्र नसेल तर मुंबईत आयआयटीच्या आणि कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या 'सैफ' (सामाईक विश्लेषण-यंत्रांच्या) केंद्राकडे चौकशी करा. देशभरातली यंत्रे आय-स्टेम पोर्टलवर शोधता येतात. अर्ज करण्यापूर्वी तिथल्या तंत्रज्ञांना तीन गोष्टी विचारा: एटीआरचा स्फटिक कोणता, डिटेक्टर कोणता, आणि जिवंत जिवाणू असलेला नमुना घेता का. तिसऱ्याला बहुधा 'नाही' असेच उत्तर मिळेल.

इथे एक मोठा गैरसमज आहे. फ्रीझ-ड्राय केलेली पावडर निर्जंतुक झाली असे समजून ती पाठवली जाते. ती पद्धत तर जिवाणू वर्षानुवर्षे जिवंत ठेवण्यासाठी वापरतात! निष्क्रिय करायचे तर ७० टक्के इथेनॉल किंवा ८० अंशांवर ३० मिनिटे उष्णता द्या, त्यातला थोडा भाग प्लेटवर पसरून वाढ होत नाही याची खात्री करा, आणि सगळ्याच नमुन्यांना, नियंत्रण नमुन्यांसकट, तीच प्रक्रिया द्या. इथेनॉलने थोडे मेद निघून जातात आणि प्रथिनांची घडी बदलते. दोन्ही गटांत तो बदल सारखा असेल तर तुलना टिकते. फॉर्मालिन आणि ग्लुटाराल्डिहाइड शक्यतो टाळा, कारण ती प्रथिनांना रासायनिक टाके घालतात आणि ते टाके वर्णपटात दिसतात.

३. साहित्य

स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स: एटीसीसी २५१७५, यूए१५९ (एटीसीसी ७००६१०) किंवा चंडीगडच्या संग्रहातला एमटीसीसी ८९०. ब्रेन हार्ट इन्फ्युजन, म्हणजे बीएचआय माध्यम. सुक्रोज. हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटच्या साधारण १२ मिमी व्यासाच्या डिस्क किंवा काचेच्या गोल कव्हरस्लिप. २४ खणांची प्लेट. ०.२२ मायक्रॉनचे सिरिंज फिल्टर. ०.९ टक्के मिठाचे पाणी आणि डीआयोनाइज्ड पाणी. रामनसाठी कॅल्शियम फ्लुओराइडच्या चकत्या. सिलिका जेलचा डेसिकेटर. धागे न सोडणारे टिश्यू.

याशिवाय चार बाटल्या, ज्या कुणी यादीत घालत नाही आणि ज्यांच्यावाचून नंतर अडते: डेक्स्ट्रान, बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन, यीस्टचे आरएनए आणि हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटची भुकटी. या चौघांचे वर्णपट तुमच्याच यंत्रावर, तुमच्याच मापदंडांनी पहिल्या दिवशी घ्या. छापील तक्त्यातल्या आकड्यांपेक्षा हे चार आलेख तुम्हाला जास्त शिकवतील.

४. प्रयोगशाळेत बायोफिल्म वाढवणे

पृष्ठभाग कोणता, हे प्रश्नावरून ठरवा. खनिजाबद्दल प्रश्न असेल तर हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट. जाळ्यातील शर्करांबद्दल असेल तर कव्हरस्लिप, कारण हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटच्या फॉस्फेटचा अत्यंत प्रबळ बँड १०२० ते १०४० दरम्यान येतो आणि शर्करांचे बँडही ९०० ते १२०० मध्येच असतात. डिस्कवरून खरवडताना भुकटीचा कणभर अंश आला तरी शर्करा वाढल्याचा भास होतो. नवख्यांच्या कामातली सर्वांत महागडी चूक हीच, कारण आलेख दिसायला अगदी सुरेख येतो.

क्रम असा ठेवा:

पहिला दिवस. जिवाणू साध्या बीएचआयमध्ये (३७ ग्रॅम प्रति लिटर) रात्रभर ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवा. या माध्यमात सुक्रोज घालू नका. घातले तर जिवाणू ग्लुकान (चिकट बहुशर्करा) बनवून गोळे धरतात आणि नंतर मोजून पेरता येत नाहीत.

दुसरा दिवस. चघळलेल्या पॅराफिन मेणाने मिळवलेली लाळ बर्फावर गोळा करा, सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जी (गुरुत्वाच्या पटीत) वेगाने ४ अंशांवर १० मिनिटे फिरवा, वरचे द्रव गाळून घ्या. डिस्क त्यात ३७ अंशांवर तासभर ठेवा. यामुळे दातावर नैसर्गिकरीत्या चढते तसे पेलिकल, म्हणजे लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा, तयार होते. हे टाळले तर जिवाणू नुसत्या दगडावर चिकटतात आणि तोंडातल्या परिस्थितीशी नाते तुटते. २० टक्के सुक्रोज वेगळे गाळून निर्जंतुक करा आणि ९५ मिली माध्यमात ५ मिली या हिशेबाने घाला, म्हणजे १ टक्का होते. माध्यमासोबत ऑटोक्लेव्ह केल्यास साखरेचे अंशतः विघटन होते.

डिस्क खणात उभी ठेवा, ती पूर्ण बुडेल इतके, साधारण २ ते २.५ मिली माध्यम घाला. आडवी ठेवलीत तर वजनाने खाली बसलेल्या पेशीही 'चिकटलेल्या' म्हणून मोजल्या जातात. पेरणी मिलीमागे साधारण दहा लाख पेशींची ठेवा.

दर २४ तासांनी माध्यम बदला आणि काढलेल्या माध्यमाचा पीएच नोंदवा. सुक्रोज मिळालेला म्युटन्स पीएच ५ च्याही खाली नेतो, आणि सुमारे ५.५ च्या खाली दाताचे इनॅमल विरघळू लागते. म्हणजे तुमची डिस्कही झिजत असते. हा आकडा पुढे आलेख वाचताना कामी येतो.

नियंत्रणे चार हवीत: जिवाणू अधिक सुक्रोज, सुक्रोजशिवाय जिवाणू, जिवाणूशिवाय माध्यम अधिक सुक्रोज, आणि फक्त लाळ चढवलेली डिस्क. तिसरे नियंत्रण अनेकजण सोडतात. न धुतलेले सुक्रोज १००० ते १०५० च्या आसपास ठळक बँड देते आणि ते बायोफिल्मचे ग्लुकान म्हणून खपून जाते.

५. तोंडातून नमुना घेणे

आदल्या दिवसापासून त्या जागी ब्रश नको, आणि नमुन्याआधी किमान दोन तास खाणे नको, पाणी चालेल. वरच्या दाढांची गालाकडची बाजू निवडा आणि सगळ्यांकडून तीच जागा घ्या. कॉटन रोलने लाळ अडवा, हवेचा हलका झोत देऊन दात कोरडा करा, निर्जंतुक क्युरेटने (खरवडायच्या दंतहत्याराने) थर उचला आणि आधी वजन केलेल्या मायक्रोट्यूबमध्ये घाला. काही मिलिग्रॅमच मिळेल, त्यामुळे ट्यूबचे वजन आधी घेतले नसेल तर ते नंतर निघणार नाही. रक्त आले तर तो नमुना वेगळा काढा, कारण हिमोग्लोबिन दोन्ही पद्धतींत गोंधळ घालते.

थर नीट दिसावा म्हणून लावायचे लाल द्रावण वापरू नका. त्यातला एरिथ्रोसिन हिरव्या लेसरखाली इतका चमकतो की रामनचा आलेख त्यात बुडून जातो.

टूथपेस्टचे उरलेले कण ओळखता आले पाहिजेत. सिलिका ११०० च्या आसपास रुंद बँड देते, कॅल्शियम कार्बोनेट १४१० च्या आसपास रुंद आणि ८७२ व ७१२ ला टोकदार. नोंदपत्रात पेस्टचे नाव असेल तर त्या पेस्टचा वर्णपट घेऊन शंका पाच मिनिटांत मिटवता येते. मशेरी, पान आणि तंबाखूचे डाग असलेल्या व्यक्तींचा गट वेगळा ठेवा; त्या डागांची चमक रामनमध्ये बाकी सगळे झाकते.

नमुना बर्फावर न्या आणि दोन तासांच्या आत उणे ८० वर ठेवा. गोठवणे-वितळवणे एकदाच. उरलेल्या कचऱ्यासाठी २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम लागू होतात: जिवाणूंची वाढ असलेल्या प्लेट आधी ऑटोक्लेव्ह करून पिवळ्या पिशवीत, प्लास्टिकच्या टिप व ट्यूब लाल पिशवीत, टोकदार वस्तू पांढऱ्या डब्यात.

६. धुणे आणि वाळवणे

या पायरीवर घाई करू नका. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत हात आपोआप पीबीएसच्या बाटलीकडे जातो, आणि तिथेच घात होतो. पीबीएस म्हणजे फॉस्फेट बफर. ते वाळले की १०८० आणि ९८० च्या आसपास फॉस्फेटचे बँड देते, ऐन शर्करांच्या भागात. बीएचआयमध्येही लिटरमागे २.५ ग्रॅम डायसोडियम फॉस्फेट असतेच. म्हणून धुण्यासाठी साधे ०.९ टक्के मिठाचे पाणी वापरा. सोडियम क्लोराइडला मध्य-अवरक्त भागात स्वतःचा बँड नाही.

डिस्क चिमट्याने कडेला धरा आणि मिठाच्या पाण्याच्या तीन खणांतून एकापाठोपाठ बुडवून काढा, प्रत्येकात साधारण दहा सेकंद. पिपेटने धार सोडू नका. धारेने थर सोलला जातो, आणि कुठला किती सोलला हे कधीच कळत नाही. शेवटी डीआयोनाइज्ड पाण्यात दोन-तीन सेकंद बुडवा. हे केले नाही तर मीठ स्फटिक धरते, प्रकाश विखुरते आणि नमुना एटीआरच्या स्फटिकाला नीट टेकू देत नाही. जास्त वेळ ठेवलेत तर पेशी पाणी ओढून फुटू लागतात.

धुणे अपुरे झाल्याची खूण ठरलेली आहे: १५७५ च्या आसपास लॅक्टेटचा खांदा अमाइड-२ च्या (१५४५) डाव्या अंगाला उठतो. तो दिसला की मागे फिरा आणि नव्याने धुतलेला नमुना घ्या.

थर डिस्कवरून काढताना १ मिली मिठाच्या पाण्यात खरवडा, ५,००० जी वर ४ अंशांवर दहा मिनिटे फिरवा, खालचा गोळा एकदा डीआयोनाइज्ड पाण्याने धुऊन ५० ते १०० मायक्रोलिटर पाण्यात मिसळा. वरचे द्रव फेकू नका. म्युटन्स दोन प्रकारची ग्लुकाने बनवतो: अल्फा-१,३ जोडांचे, पाण्यात न विरघळणारे, आणि अल्फा-१,६ जोडांचे, विरघळणारे, डेक्स्ट्रानसारखे. गोळ्यात पहिले राहते, दुसऱ्याचा मोठा भाग वरच्या द्रवात जातो. तुम्ही फक्त गोळा मोजलात तर निम्मी गोष्ट सिंकमध्ये गेली. ते द्रव वेगळे वाळवून मोजा, किंवा निदान पद्धतीच्या भागात 'अविद्राव्य अंश' असे स्वच्छ लिहा.

वाळवण्यासाठी ३ मायक्रोलिटर थेंब एटीआरच्या स्फटिकावर ठेवा. थेंब वाळताना कण कडेला जाऊन वर्तुळ बनते, चहाच्या कपाखाली उमटते तसे, आणि मधला भाग रिकामा राहतो. मोजणी मधल्या भागाची होते. उपाय दोन: थेंबाऐवजी घट्ट लगदा लावणे, किंवा एक-एक मायक्रोलिटरचे तीन थेंब एकावर एक वाळवणे. वाळला की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. दर दोन मिनिटांनी वर्णपट घ्या. ३३०० चा उंचवटा आणि १६४० चे १५४५ शी असलेले प्रमाण सलग तीन आलेखांत हलले नाही की वाळला. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर यासाठी दुप्पट वेळ धरा, किंवा नमुना आधी डेसिकेटरमध्ये वाळवून आणा.

७. एटीआर-एफटीआयआरची मोजणी

स्फटिक हिऱ्याचा असेल तर उत्तम. झिंक सेलेनाइड पीएच ५ च्या खाली खराब होतो, आणि साखर खाल्लेला बायोफिल्म तिथवर सहज जातो. जर्मेनियम चालतो पण ठिसूळ असतो, दाबताना जपा.

अवरक्त किरण नमुन्यात किती खोल जातात हे स्फटिकावर आणि तरंगसंख्येवर अवलंबून असते. ४५ अंशांच्या हिऱ्यावर १००० ला साधारण २ मायक्रॉन, १६५० ला १.२ मायक्रॉन, जर्मेनियमवर १००० ला जेमतेम ०.६६ मायक्रॉन. यातून दोन गोष्टी निघतात. कमी तरंगसंख्येचे बँड एटीआरमध्ये मुळातच उंच दिसतात, त्यामुळे एटीआरचा आलेख पारगमनाच्या (किरण नमुन्यातून आरपार पाठवून घेतलेल्या) आलेखाशी सरळ ताडून पाहू नका. आणि अख्खी डिस्क उलटी करून दाबलीत तर जाड थराचा फक्त वरचा पापुद्रा मोजला जातो.

मापदंड: विभेदनक्षमता ४, ६४ स्कॅन, ४००० ते ५०० चा टप्पा. ५०० पर्यंत जाण्यासाठी डीटीजीएस डिटेक्टर लागतो. एमसीटी साधारण ६५० च्या आधीच थांबतो, आणि खनिजाची खात्री देणारे ६०० व ५६० चे जोड-बँड हातचे जातात. मोजणीपूर्वी पॉलिस्टायरीनच्या पट्टीवर १६०१ चा बँड जागेवर आहे ना ते पाहा.

पार्श्वभूमी, म्हणजे रिकाम्या स्फटिकाची मोजणी, दर १५-२० मिनिटांनी नव्याने घ्या. १३०० ते १९०० मध्ये बारीक सुयांसारखी टोके दिसली तर ती हवेतली वाफ; २३५० चा जोड-बँड कार्बन डायऑक्साइडचा, म्हणजे तुमच्या श्वासाचा. कोरडी हवा किंवा नायट्रोजन सुरू असेल तर नमुना ठेवल्यावर दोन-तीन मिनिटे थांबा. यंत्रातल्या डेसिकंटच्या खुणेचा रंग पावसाळ्यात दर आठवड्याला पाहा.

स्फटिक पुसायला ७० टक्के इथेनॉल वापराल. इथेनॉलचे स्वतःचे बँड १०४५ आणि १०८५ ला आहेत. पुसून लगेच पार्श्वभूमी घेतलीत तर पुढच्या प्रत्येक नमुन्यात तिथे खड्डा पडेल. पूर्ण उडून जाऊ द्या, रिकाम्या स्फटिकाचा आलेख घ्या, २९०० आणि १००० चा भाग सपाट दिसला की पुढचा नमुना. अमाइड-१ ची उंची ०.१ ते ०.५ मध्ये असावी. ०.०५ च्या खाली असेल तर तो आलेख ठेवू नका, पुन्हा लावा.

८. रामनची मोजणी

रामन विकिरण फार क्षीण असते, साधारण एक कोटी फोटॉनांमागे एक. म्हणून लेसरची ताकद वाढवावीशी वाटते, आणि प्लाक जळतो.

लेसर ७८५ नॅनोमीटरचा घ्या. ५३२ ने संकेत जवळजवळ पाच पट मिळतो, पण प्लाकमधले पॉर्फिरिन (जिवाणूंची रंगद्रव्ये) आणि डाग चमकून तो गिळून टाकतात. काचेची स्लाइड नको. तिची रुंद पार्श्वभूमी येते. कॅल्शियम फ्लुओराइडचा एकच बँड ३२१ ला आहे, कामाच्या भागाबाहेर. मात्र तीच चकती पारगमन एफटीआयआरला वापरायचा मोह टाळा. ती साधारण १००० च्या खाली अपारदर्शक होत जाते आणि शर्करांचा भाग अर्ध्यावर तुटतो.

सिलिकॉनच्या तुकड्यावर ५२०.५ चा बँड जुळवा. मग नमुन्यावर १ मिलिवॉटपासून सुरुवात करून एकाच जागी लागोपाठ पाच मोजण्या घ्या. आलेख एकमेकांवर बसले तर ताकद वाढवा. १३५० आणि १५८० ला दोन रुंद उंचवटे उगवले तर ते कार्बनचे आहेत: नमुना कोळसा झाला. जागा बदला, ताकद निम्मी करा. थरात चमक थोडी असेल तर मोजणीआधी अर्धा-एक मिनिट लेसर तसाच पडू द्या, चमक ओसरते. १० सेकंदांच्या १० मोजण्या ही सुरुवातीला चांगली जोडी आहे. एखाद-दुसऱ्या पिक्सेलची सुई दिसली तर ती विश्वकिरणाची. दुसऱ्या मोजणीत ती नसते. खोलीतले दिवे बंद ठेवा, त्यांच्याही रेषा आलेखात येतात.

ओल्या थरासाठी पाण्यात बुडणारे ऑब्जेक्टिव्ह वापरा. कोरडे ऑब्जेक्टिव्ह पाण्यावरून रोखले तर केंद्रबिंदू पसरतो आणि संकेत निम्म्यावर येतो.

९. आलेख वाचणे

एफटीआयआरमध्ये: २९६० ते २८५० मेदांचे आणि इतर सी-एच, १७४० मेदांचे एस्टर, १६५० आणि १५४५ प्रथिने, १४०० कार्बोक्सिलेट, १२४० आणि १०८५ फॉस्फेट गट, ९०० ते १२०० शर्करा, त्यात ११५० ग्लायकोसिडिक जोडाचा. रामनमध्ये: ७८५ न्यूक्लिक आम्ले, १००४ फिनाइलअ‍ॅलानिन, १४५० सी-एच, १६६० अमाइड-१, ९६० हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट, १०७० कार्बोनेट.

१२४० दिसला की 'डीएनए' लिहून मोकळे होऊ नका. फॉस्फोलिपिड आणि जिवाणूच्या भिंतीतल्या लायपोटायकोइक आम्लाचे फॉस्फेटही तिथेच बोलतात. १०३० च्या आसपास उंच शिखर दिसले तर आधी ६०० आणि ५६० कडे नजर टाका. तिथे जोडी उभी असेल तर ते शिखर खनिजाचे आहे, ग्लुकानचे नाही, आणि त्या नमुन्यातून शर्करा-प्रथिन प्रमाण काढू नये.

हे प्रमाण काढायची सोपी रीत: ९०० ते ११८० चे क्षेत्रफळ भागिले १४८० ते १७०० चे क्षेत्रफळ, दोन्हींना आपापली सरळ पायारेषा. सुक्रोज दिलेल्या आणि न दिलेल्या नियंत्रणांत यात ठळक फरक आला नाही, तर पुढचा प्रयोग करू नका. आधी धुणे तपासा.

१०. आकडेमोड

क्रम: वाईट आलेख गाळणे, पायारेषा (आलेखाचा तळ) सरळ करणे, कामाचा भाग (१८०० ते ९००) कापणे, सामान्यीकरण (सगळे आलेख एका मापावर आणणे), मग दुसरा अवकलज, ज्याने एकमेकांत मिसळलेले बँड सुटे दिसतात. अवकलजाला सॅवित्स्की-गोलाय (आलेख गुळगुळीत करण्याच्या) पद्धतीत ९ ते १३ बिंदूंची खिडकी ठीक. त्याहून अरुंद घेतली तर गोंगाट शिखरासारखा दिसू लागतो. मोफत साधन हवे असेल तर ऑरेंज या संगणक-प्रणालीवर चालणारे क्वेसार पुरेसे आहे. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही: अपुरे वाळलेल्या नमुन्यातले पाणी वजाबाकीने काढायला गेलात तर अमाइड-१ चा आकार तुमच्या गुणकाप्रमाणे बदलतो, आणि मग प्रथिनांच्या घडीबद्दल काहीही सिद्ध करता येते.

एका डिस्कवरचे दहा आलेख म्हणजे दहा नमुने नव्हेत. त्यांची सरासरी घ्या आणि ती एक धरा. वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या रात्रभर-वाढीपासून केलेली किमान तीन पुनरावृत्ती हवी. रुग्णांच्या नमुन्यांवर वर्गीकरण करणार असाल तर तपासणीच्या वेळी त्या व्यक्तीचे सगळे आलेख एकत्र बाहेर ठेवा. एकाच माणसाचे काही आलेख शिकवण्यात आणि काही तपासण्यात गेले की अचूकता फुगते. परीक्षक हा प्रश्न हमखास विचारतात.

नियंत्रण सोमवारी आणि औषध दिलेले नमुने मंगळवारी मोजू नका. पीसीएच्या (सारखे वर्णपट जवळ आणि वेगळे दूर मांडणाऱ्या पद्धतीच्या) आलेखात दोन सुंदर पुंजके दिसतील आणि ते दोन दिवसांच्या आर्द्रतेचे असतील. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. पुंजके दिसल्यावर लोडिंगचा आलेख (कोणत्या बँडमुळे पुंजके वेगळे झाले ते दाखवणारा) उघडा: पहिल्या घटकात नुसता १६४० किंवा ३३०० वर असेल तर तुम्ही पाणी मोजले आहे.

कच्च्या फाइल यंत्राच्या मूळ स्वरूपात आणि जेकॅम्प या कुठल्याही यंत्राला वाचता येणाऱ्या स्वरूपात, दोन्हीकडे जपा. फाइलच्या नावात तारीख, डिस्क क्रमांक आणि पुनरावृत्ती घाला. त्या दिवसाची आर्द्रता आणि पीएच त्याच वहीत, त्याच पानावर लिहा.